मिझो रुग्णाचे ‘पुन्हा’ आणि ‘नेहमी’ केसपेपरवर उतरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ईशान्य भारतावरचा प्रवासलेख वाचला. डोंगर, ढग, बांबूची घरे, सगळे वर्णन छान उतरले आहे. पण मध्येच लेखकाने लिहिले आहे की मिझोरमच्या ‘बोली’त भूतकाळच नाही, तिचे व्याकरण दोन दिवसांत शिकून संपते आणि म्हणूनच ती माणसे ‘आजच्या दिवसापुरती जगतात’. हे वाचून मला फार वाईट वाटले. मुंबईत परिचारिका म्हणून नोकरी करताना माझी बहुतेक वर्षे कर्करोगाच्या वॉर्डात गेली. तिथे मिझो रुग्ण आणि मिझो सहकारी या दोघांच्या सहवासात मी ही भाषा कामापुरती शिकले. त्या बळावर हे लिहीत आहे.

मिझोरमचे रुग्ण इतक्या लांब का येतात, ते आधी सांगते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०१२ ते २०१६ या काळातल्या आकड्यांत पुरुषांमधले कर्करोगाचे सर्वांत जास्त प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात आढळले : वयाचा फरक जुळवून घेतल्यावर दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण. जठराचा कर्करोग तिकडे विशेष. तंबाखूचे सेवनही मोठे, त्यातही ‘तुइबुर’, म्हणजे तंबाखूच्या धुराने भारलेले पाणी तोंडात धरून ठेवायची सवय. उपचारांसाठी माणसे मुंबई गाठतात. वाशीला ईशान्येकडच्या राज्यांची भवने आहेत, तिथे किंवा भाड्याच्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. त्यातल्या वयस्कर मंडळींना हिंदी फारशी येत नाही. सोबत भाचा किंवा मुलगी असते, तीच दुभाषी.

आता त्या लेखातल्या विधानाकडे येते. मिझो क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, एवढे खरे आहे. ‘का लू आ ना’ म्हणजे माझे डोके दुखते. ‘का’ माझे, ‘लू’ डोके, ‘आ’ ते, ‘ना’ दुखणे. काल दुखले असले तरी ‘आ ना’ आणि आत्ता दुखत असले तरी ‘आ ना’. काल की आज, ते बोलण्याच्या ओघातून कळते. पण लेखक तिथेच थांबले. क्रियापदाच्या मागे काय येते, तिकडे त्यांनी पाहिलेच नाही. मिझोचे सगळे बारीक काम तिथे चालते. एखादी गोष्ट एकदा झाली, परत झाली, वारंवार होते, सवयीने होते, सतत होते की दर वेळी न चुकता होते, यातल्या प्रत्येकासाठी क्रियापदाला लागून येणारा छोटा स्वतंत्र शब्द आहे. बोलणारा तो सहज वापरतो.

चंफाईकडच्या एक बाई आमच्याकडे होत्या. पहिले उपचार संपवून घरी गेल्या होत्या, काही महिन्यांनी तपासणीला आल्या. रेसिडेंट डॉक्टर हिंदीत विचारत होते, भाचा मिझोत विचारत होता आणि उत्तर पुन्हा हिंदीत देत होता. डोकं दुखतं का? ‘होता है.’ किती दिवसांपासून? ‘होता रहता है.’ केसपेपरवर दोन शब्दांत ‘जुनी डोकेदुखी’ अशी नोंद झाली आणि पान उलटले. शेजारी आमची एक तरुण स्टाफ नर्स सलाईन बदलत होती, लुंगलेईची. तिने बाईंचे मूळ बोलणे ऐकले होते. बाई म्हणाल्या होत्या, ‘आ ना लेह ता.’ ‘लेह’ म्हणजे परत, ‘ता’ म्हणजे आता ते घडून आले. थांबलेले दुखणे परत सुरू झाले, असे बाई सांगत होत्या. भाच्याच्या हिंदीत त्याची ‘नेहमीची डोकेदुखी’ झाली. कर्करोगाच्या रुग्णाच्या बाबतीत या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते या क्षेत्रातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. त्या मुलीने डॉक्टरांना थांबवले, बाईंना पुन्हा विचारले, आणि डॉक्टरांनीही ऐकून घेऊन पुढच्या तपासण्या त्याच आठवड्यात लावल्या.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी तिला विचारले, मग तुमच्याकडे ‘नेहमी दुखतं’ कसं म्हणतात? ती म्हणाली, ‘सिस्टर, कोणतं नेहमी?’ माझे मिझो शिकणे या प्रश्नापासून खऱ्या अर्थाने सुरू झाले.

‘आ ना फो’ म्हणजे वारंवार दुखते. इथे भर वेळांवर आहे, पुष्कळदा होते असा. ‘आ ना ठ्रिन’ म्हणजे दुखत असते, ही तिची सवयच आहे. आत्ता या मिनिटाला दुखत नसेलही. (हा ‘ठ्रिन’ रोमन लिपीत लिहिताना टी या अक्षराखाली टिंब देतात. उच्चार ट आणि र जोडून केल्यासारखा.) ‘आ ना रेंग’ म्हणजे सारखे दुखते, मध्ये खंड नाही. आणि ‘आ ना लेह’ म्हणजे परत दुखले. दुखणे एकच, पण डॉक्टरांच्या दृष्टीने या चार वेगळ्या तक्रारी आहेत. ‘फो’ असेल तर आठवड्यातून किती वेळा ते विचारायचे. ‘ठ्रिन’ असेल तर कशाने सुरू होते ते विचारायचे. ‘रेंग’ असेल तर रात्री झोप लागते का ते विचारायचे. ‘लेह’ असेल तर मधला बरा काळ किती होता ते आधी विचारायचे.

केमोनंतरच्या उलट्यांच्या वेळी हा फरक आणखी उपयोगी पडतो. ‘आ लुआक फो’ म्हणजे पुष्कळदा उलटी होते. ‘आ एई आपियांगिन आ लुआक झियाह’ हे मात्र निराळे प्रकरण. ‘एई’ खाणे, ‘आपियांगिन’ जेव्हा जेव्हा, ‘लुआक’ ओकणे, आणि शेवटचा ‘झियाह’ सांगतो की दर वेळी, एकदाही न चुकता. खाल्ले की ओकतो, प्रत्येक खाण्याला. जठराचा कर्करोग असलेल्या रुग्णाचा नातेवाईक असे म्हणाला, तर अन्न पुढे सरकत नाही की काय, ही शंका आधी यायला हवी. नुसते उलटी थांबवायचे इंजेक्शन देऊन भागणार नाही. हिंदीत मात्र दोन्ही वाक्ये ‘उल्टी होता है’ एवढीच होऊन येतात. यात नातेवाइकांचा दोष नाही. बाजारात, प्रवासात जेवढी लागते तेवढीच हिंदी ती पोरे शिकलेली असतात.

नकाराचेही तसेच. तंबाखूबद्दल आमच्या छापील फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन असतात. मिझो माणूस मात्र तीन प्रकारे ‘नाही’ म्हणतो. ‘का ह्मुआम लो’ म्हणजे मी तोंडात धरत नाही, इथे ‘लो’ हा साधा नकार. ‘का ह्मुआम ङाई लो’ म्हणजे आयुष्यात कधीच नाही. ‘ङाई’मुळे तो नकार सगळ्या वेळांना लागू होतो. ‘का ह्मुआम तॉह लो’ म्हणजे आता सोडले, पूर्वी होते. तिसऱ्या उत्तराच्या माणसाने वीस वर्षे तुइबुर वापरलेले असू शकते, आणि फॉर्मवर त्याच्याही नावापुढे ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण पडते. मी स्वतः अशा रुग्णांना नंतर ‘इ ह्मुआम ठ्रिन एम?’ असे विचारायला लागले, म्हणजे तुम्हाला तशी सवय आहे का, होती का. इथे मात्र ‘ठ्रिन’ला काळाचे बंधन नाही, हेच कामी येते. आजची सवय आणि जुनी सवय दोन्ही एका प्रश्नात येतात, आणि माणूस मोकळेपणी सांगू लागतो.

मराठी यात कुठे कमी पडते असे मी म्हणत नाही. ‘डोकं दुखतंय’ आणि ‘डोकं दुखतं’ यांतला फरक आपले लहान मूलही करते. ‘दुखत असतं’, ‘दुखत राहतं’, ‘आजीचं डोकं दुखायचं’, ‘तो बोलत सुटला’, ‘सांगून सांगून थकले’, ही सगळी पुन्हापुन्हा घडण्याचीच रूपे आहेत. गंमत अशी की आपण सवय आणि काळ एकत्र बांधतो. ‘दुखायचं’ म्हटले की सवय आली आणि ती पूर्वीची हेही आले. मिझोने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. सवय सांगायला ‘ठ्रिन’, आणि ती कधीची हे सांगायचेच असेल तर ‘ह्मानलाई’, म्हणजे पूर्वीच्या काळी, असा शब्द वाक्यात घालायचा. मला वाटते, लेखकाने मिझोत भूतकाळाचा प्रत्यय शोधला, तो सापडला नाही, आणि त्यांनी भाषा रिकामी ठरवली. असा शोध मराठीत ‘झियाह’साठी घेतला तर आपणही रिकामेच ठरू.

हे छोटे शब्द एकामागून एक ठरलेल्या क्रमाने येतात. त्याचे मला सगळ्यात आवडलेले उदाहरण देते. जखमेचे ड्रेसिंग संपले की आमची ती नर्स रुग्णाला म्हणायची, ‘आ ना लेह तॉह लो आंग.’ ‘आ’ ते, ‘ना’ दुखणे, ‘लेह’ परत, ‘तॉह’ आता यापुढे, ‘लो’ नाही, ‘आंग’ होईल. आता ते परत दुखणार नाही. क्रियापद एक अक्षराचे, आणि त्याच्या मागे पुनरावृत्ती, बदललेली स्थिती, नकार आणि भविष्य अशा चार गोष्टी रांगेत. ही रांग बोलणाऱ्याच्या मनाला येईल तशी मोडता येत नाही. ‘लो’चेच पाहा. क्रियापदाच्या आधी आला की त्याचा अर्थ ‘इकडे’ : ‘आ लो काल’ म्हणजे तो आला. क्रियापदाच्या नंतर आला की ‘नाही’. त्यामुळे ‘आ लो काल ङाई लो’, म्हणजे तो इकडे कधीच येत नाही, या एका वाक्यात दोन ‘लो’ सुखाने नांदतात. शिवाय ही सुरांची भाषा आहे, चार सूर, आणि लिहिताना ते बहुधा दाखवत नाहीत. दोन दिवसांत हे शिकून संपत नाही. मला तर ‘फो’ आणि ‘ठ्रिन’ ऐकताक्षणी वेगळे कळायलाच बराच काळ जावा लागला.

‘पुन्हा’साठी आणखी एक शब्द आहे, ‘नॉन’. केलेले काम फिरून करायचे तेव्हा तो येतो. ‘एनफियाह’ म्हणजे तपासणे आणि ‘एनफियाह नॉन’ म्हणजे तीच तपासणी पुन्हा करणे. ऐकू आले नाही तर ‘हान सॉई नॉन लेह तेह’ म्हणायचे, जरा पुन्हा सांगा ना; त्यात ‘नॉन’ आणि ‘लेह’ दोघेही आहेत. दुखणे आपोआप परत येते, त्याला मी ‘लेह’च ऐकला, ‘नॉन’ कधी ऐकला नाही. रक्त पुन्हा काढावे लागेल हे सांगताना ‘नॉन’ वापरला की रुग्ण घाबरत नाही, हा माझा अनुभव. नुसते हातवारे करून सुई पुढे केली, तर आजार वाढला असे त्याला वाटते.

ती माणसे आजच्या दिवसापुरती जगतात, या वाक्याबद्दलही लिहायलाच हवे. मिझोरममध्ये ‘मौताक’ जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळे खाऊन उंदीर अफाट वाढतात आणि शेतातले भात फस्त करतात. त्या दुष्काळाला ‘मौताम’ म्हणतात. १९११च्या सुमाराला तो आला, १९५९ला आला, २००७ला आला. १९५९च्या उपासमारीत मदतीसाठी जी संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट निघाला. नंतर त्याचा भारत सरकारविरुद्धचा १९६६चा उठाव, सरकारबरोबरचा १९८६चा शांतता करार आणि २० फेब्रुवारी १९८७ला राज्याचा दर्जा. पन्नास वर्षांनी परत येणाऱ्या संकटाला ज्या लोकांनी नाव देऊन ठेवले, ते येणार हे गृहीत धरून वर्षे मोजली, त्यांना उद्याची जाण नाही असे कसे म्हणवते? आमच्याकडे दाखल असलेले एक वृद्ध गृहस्थ (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पू’ म्हणतात) मौतामबद्दल बोलताना ‘आ लो थ्लेंग ठ्रिन’ म्हणत, येत असतो तो, आणि शेवटच्या मौतामबद्दल ‘आ लो थ्लेंग लेह’, परत आला. आयुष्यात दोनदा पाहिलेल्या गोष्टीलाही ते ‘ठ्रिन’च लावत होते, कारण त्यांच्या आधीच्यांनीही ती पाहिली होती.

‘बोली’ या शब्दाबद्दल थोडेच लिहिते. २०११च्या जनगणनेत मिझो बोलणारे ८ लाख ३० हजारांवर होते. लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४ला तिथे पोचले. त्यांनी रोमन लिपी बसवून दिली, तिची आज २५ अक्षरे आहेत. लॉरेन यांचा मोठा शब्दकोश १९४०ला निघाला. आज मिझोत दैनिके निघतात, शाळा चालतात, विद्यापीठात मिझोचा स्वतंत्र विभाग आहे. ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातली. मणिपुरी, बोडो, बर्मी, तिबेटी या तिच्या जवळच्या-लांबच्या नातलग. मणिपुरी १९९२ला आपल्या कोकणीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत गेली, बोडो २००३ला. मिझो अजून बाहेरच आहे. आणि हे कूळ आपल्यापासून फार लांब आहे असेही नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथल्या घरांत याच कुळातली भाषा रोज बोलली जाते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपल्याला अशी की त्या विधानाची दुरुस्ती छापावी. पुरवणी शाळांमध्येही वाचली जाते आणि आज कितीतरी मिझो, नागा, मणिपुरी मुली आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करत आहेत. त्यांच्या भाषेला व्याकरण नाही असे त्यांच्या शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाने वाचावे, हे मला सहन होत नाही.

दुसरी विनंती मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांना. मिझो बोलणारी परिचारिका बहुतेक वेळा त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ड्यूटीवर असते. हिस्ट्री घेताना तिला दहा मिनिटे खाली बोलवा, आणि हे काम तिच्या कामाच्या तासांत धरा, उपकार म्हणून नको. ते जमणार नसेल तर निदान एक छापील पान ओपीडीच्या टेबलावर ठेवा. दुखणे, खोकला, ताप, उलटी, रक्त जाणे, प्रत्येकापुढे फो, ठ्रिन, रेंग, झियाह, लेह, तॉह लो, ङाई लो, असे सात चौकोन. रुग्ण किंवा नातेवाईक बोट ठेवेल, डॉक्टर खूण करतील. मिझो सगळेच बहुधा वाचतात. साक्षरतेत ते राज्य देशात अगदी वरच्या रांगेत आहे. आणि केसपेपरवर रुग्णाचा मूळ शब्द कंसात लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या पाळीतल्या माणसाला तो पुन्हा तपासता येईल.

असे पान मी तयार केले आहे, मिझो आणि मराठी समोरासमोर, आणि माझ्या जुन्या मिझो सहकाऱ्यांकडून तपासूनही घेतले आहे. ज्या रुग्णालयाला हवे असेल त्याला आपल्या कार्यालयामार्फत विनामूल्य पाठवीन. हमार, पैते आणि लाई बोलणाऱ्या रुग्णांना मात्र ते पान देऊ नये. त्या भाषा जवळच्या असल्या तरी हे छोटे शब्द त्यांच्यात जसेच्या तसे नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे पान करावे लागेल, आणि त्या भाषा बोलणाऱ्या परिचारिका मदतीला तयार असतील तर मला जरूर कळवावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
नेरूळ, नवी मुंबई